कंपूतली जागा राखावी कशी

अगं, आधी अभिनंदन! वर्गातल्या त्या पाच जणींनी मधल्या सुट्टीत तुला 'ये ना इकडे' म्हणून हाक मारली, हे ऐकून कान तृप्त झाले. पाणी प्यायच्या निमित्ताने तू त्यांच्या बाकाजवळून ज्या फेऱ्या मारायचीस, त्यांचं अखेर चीज झालं. पण हुरळून जाऊ नकोस. कंपूत शिरणं सोपं असतं, टिकणं अवघड. वार्षिक परीक्षा एकदाच येते आणि तिला अभ्यासक्रम तरी असतो. इथली परीक्षा रोज असते, न सांगता होते, आणि निकालही तुला सोडून सगळ्यांना कळतो. म्हणून हे चार अनुभवाचे बोल. पटले तर घे, न पटले तरी घे. न पटलेलं घ्यायची सवय आत्तापासून लागलेली बरी.

पहिली गोष्ट म्हणजे स्वतःचं मत. असलंच तर घरी ठेवून येत जा. कंपूत मत एकीला असतं, बाकीच्यांनी तिची री ओढायची. री ओढण्यातही कौशल्य आहे बरं का. म्होरकीचं वाक्य संपायच्या आत 'हो ना!' म्हणालीस तर चमची ठरशील. फार वेळ घेतलास तर 'हिला बघ किती अ‍ॅटिट्यूड' असं होईल. क्षणभर विचार केल्यासारखं दाखवायचं, भुवया जरा वर न्यायच्या आणि 'अगं, मी हेच म्हणणार होते' असं म्हणायचं. मागच्या सोमवारी तिने ज्याला भारी म्हटलं होतं त्यालाच या सोमवारी फालतू म्हटलं, तर आपली स्मरणशक्ती चांगली आहे हे चेहऱ्यावर दिसू देऊ नकोस. स्मरणशक्ती इतिहासाच्या पेपरासाठी राखून ठेव.

एखादी गोष्ट तुला मनापासून आवडत असेल, म्हणजे एखादं जुनं गाणं, बुद्धिबळ, किडे-मुंग्या निरखत बसणं, तर ती कुणाच्या लक्षात यायच्या आत सोडून दे. नाहीतर 'ईऽऽ' ऐकावं लागेल. तो नीट ऐकून ठेव म्हणा, कारण पुढे तुलाही काढायचाय. नाकाच्या शेंड्यावर बारीक सुरकुती, वरचा ओठ किंचित उचललेला, आवाज आधी उंच आणि मग उतरत गेलेला. त्यानंतर छोटासा विराम, आणि मग 'तुला ते आवडतं?' सगळा जोर 'ते'वर. यात एकही वाईट शब्द नाही, हे लक्षात घे. समोरची घरी जाऊन आईला काय सांगणार? 'आई, ती मला ई म्हणाली'?

कौतुकाचंही तसंच. 'किती धाडसी गं तू! मला नसतं बाई जमलं असे केस घेऊन शाळेत यायला.' हे हसत हसत, मान कलती करून म्हणायचं. समोरची थँक्यू म्हणते. घरी गेल्यावर आरशासमोर उभी राहते, तेव्हा तिच्या डोक्यात प्रकाश पडतो. पण तोवर थँक्यू म्हणून झालेलं असतं. आणि कुणी फारच चेहरा पाडला तर 'गंमत केली गं, तुला साधी गंमतही कळत नाही' हे वाक्य कायम जिभेवर असू दे. त्या एका वाक्यात आधीचं सगळं धुऊन निघतं आणि वर समोरचीच चूक ठरते. शाळेत इतकं उपयोगी काही शिकवत नाहीत.

आता मुख्य काम. कधी ना कधी कुणाला तरी बाजूला टाकावंच लागेल, त्याशिवाय आत असण्याला अर्थ तो काय! इथे नवख्या मुली भांडतात, ओरडतात, झिंज्या धरतात आणि थेट मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर उभ्या राहतात. जाणत्या मुली काहीच करत नाहीत. ती बाकाकडे आली की रिकाम्या जागेवर दप्तर सरकवायचं आणि 'अगं, इथे बसतंय कुणीतरी' म्हणायचं. कोण बसतंय ते तासभर कळत नाही, कारण दप्तरच बसलेलं असतं. ती जवळ आली की बोलणं थांबवायचं, आणि ती चार पावलं पुढे गेली की सगळ्यांनी मिळून हसायचं. मग विषय पावसाचा का असेना. फोनवर जुन्याच नावाचा नवा ग्रुप काढायचा, त्याच सगळ्या, फक्त ती नाही. जुना ग्रुप मात्र बंद करायचा नाही. तिथे ती रोज सकाळी 'गुड मॉर्निंग' टाकत राहते, खाली निळ्या खुणा उमटत राहतात, आणि आठवड्याभराने तिचं तिलाच समजतं.

हे इतकं परिणामकारक का ठरतं? किपलिंग विल्यम्स नावाच्या मानसशास्त्रज्ञाने संगणकावर चेंडूफेकीचा एक साधा खेळ तयार केला. पडद्यावर तिघं एकमेकांकडे चेंडू टाकत असतात; थोड्या वेळाने दोघं जण तिसऱ्याला चेंडू द्यायचंच बंद करतात. शिवी नाही, धक्का नाही, तरी त्या तिसऱ्याला लागायचं ते लागतंच. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात तर काही जणांना आधीच सांगून टाकलं होतं की समोर माणसं नाहीत, संगणकच खेळतोय. तरीही त्यांना वाईट वाटलं. यंत्राने चेंडू दिला नाही म्हणून माणूस हिरमुसतो. तू तर हाडामांसाची आहेस, आणि शिवाय तिची बालवाडीपासूनची मैत्रीण.

हो, तिच्याविषयीच बोलतेय. आत घेतलेल्या प्रत्येकीला बाहेर ठेवलेली एक जुनी मैत्रीण असते, आणि तिचं काय करायचं हा प्रश्न कंपू तुला फार लवकर घालतो. घालतो म्हणजे अगदी गोड आवाजात. 'ती कशी आहे गं? तुमची दोघींची चांगली दोस्ती होती ना?' यातलं 'होती' तुझ्या लक्षात येईलच. तू म्हणशील, 'चांगली आहे.' त्यावर कुणीच काही बोलणार नाही. एक जण नखं बघेल, एक जण फोन. ती शांतता भरून काढणं आता तुझ्या अंगावर. मग तू म्हणशील, 'म्हणजे... तशी थोडी विचित्र आहे.' आणि बघ, सगळ्या कशा पुढे सरकून बसतात! बाकावर तुझ्यासाठी चार बोटं जागा वाढते. त्या जागेची किंमत म्हणून एखादं गुपित द्यावं लागतं. फार मोठं नको. तिच्या घरी रात्री भांडणं होतात, एवढं पुरे. 'कुणाला सांगू नका हं' हे म्हणायला विसरू नकोस. ते म्हटलं की वर्गभर लवकर पोचतं.

दुसऱ्या दिवशी ती शाळेच्या फाटकापाशी तुझी वाट बघत असेल. तिला टाळायचं नाही, ते उठून दिसतं. ओळख द्यायची, मैत्री द्यायची नाही. ओठ मिटूनच अर्धं हसायचं आणि 'उशीर होतोय गं' म्हणत पुढे व्हायचं. वर्ग एकच असल्यामुळे उशीर तिलाही तेवढाच होत असतो, पण ते ती बोलून दाखवणार नाही. बाईंकडे गेली तर काय म्हणणार? 'बाई, या माझ्याशी बोलत नाहीत.' बाई म्हणतील, 'मग तू दुसऱ्या मैत्रिणी कर.' आणि हजेरी घ्यायला लागतील. शाळेच्या नियमावलीत केसांच्या रिबिनीला जागा असते, न बोलण्याला नसते.

कपडे, केस, चप्पल, फोनचं कव्हर यांवर मी वेळ घालवत नाही. म्होरकीसारखं ठेव, पण तिच्यापेक्षा किंचित कमी चांगलं. एवढं पुरे.

वेळापत्रकाकडे मात्र लक्ष दे. कंपूतल्या मुली पाणी प्यायला, हात धुवायला, वही आणायला सगळीकडे घोळक्याने जातात. बघणाऱ्याला वाटतं, काय ही माया! खरी मेख अशी की जी एकटी उठते, तिच्याबद्दल बोलणं सुरू होतं. म्हणून कुणीच एकटी उठत नाही. सगळ्या मिळून उठतात, सगळ्या मिळून बसतात. रात्री ग्रुपवर डोळे मिटत असतानाही 'हाहाहा' टाइप करत राहतात, कारण आधी झोपेल ती सकाळचा विषय. आजारी पडायचं नाही. लग्नाकार्याला परगावी जायचं नाही. जावंच लागलं तर परत आल्यावर दोन दिवस तोंड उघडायचं नाही; आधी हवा कुठली वाहतेय ते बघायचं. (मोठ्यांच्या ऑफिसातही हेच चालतं म्हणा, फक्त तिथे दप्तरांच्या जागी लॅपटॉपच्या बॅगा असतात.)

एवढं सगळं केल्यावर आपण सगळ्यांच्या लाडक्या झालो, असा समज मात्र करून घेऊ नकोस. १९९८ साली पार्कहर्स्ट आणि हॉपमेयर या दोन संशोधकांनी शाळकरी मुलांना दोन निरनिराळे प्रश्न विचारले होते. तुम्हाला कोण आवडतं, हा एक. आणि वर्गात पॉप्युलर कोण, हा दुसरा. आता ही नावं एकच यायला हवीत की नाही? बऱ्याच अंशी ती वेगळी आली. पॉप्युलर म्हणून ज्यांच्याकडे बोट दाखवलं, त्यातली कितीतरी मुलं फारशी कुणाला आवडत नव्हती. वर्गाच्या मते ती शिष्ट आणि दादागिरी करणारी होती. आवडती मुलं म्हणजे प्रेमळ, विश्वासाची, आणि बरीचशी कुणाच्या खिजगणतीत नसलेली. तेव्हा तुमच्या वर्गात कुणी चुकून असे दोन प्रश्न लागोपाठ विचारायला लागलं, तर घंटा होईपर्यंत खोकत राहा.

आणि 'सगळ्याच म्हणतायत' हे अस्त्र हाताशी ठेव. 'मला काही नाही गं, पण सगळ्याच म्हणतायत तुझ्याबद्दल.' सगळ्या म्हणजे नक्की किती, हे कुणी विचारत नाही. उत्तर तीन आहे. उगाच सांगत नाही, मानसशास्त्रज्ञ सॉलोमन अ‍ॅशने १९५१ पासून हेच तर मोजलं. एक रेषा दाखवायची आणि तिच्याएवढी लांब रेषा तीन रेषांतून ओळखायला सांगायची. लहान पोरालाही जमेल असं काम. एकट्याने बसून केलं तर शंभरात एखादीही चूक व्हायची नाही. पण आसपासच्या, आधीच पढवलेल्या माणसांनी बेधडक चुकीची रेषा दाखवली, की न पढवलेल्या पाहुण्यांपैकी चारांतल्या तिघांनी कधी ना कधी डोळ्यांना दिसणारं सोडून त्यांच्यात सूर मिसळला. विरोधात एकच जण असेल तर जवळजवळ काही फरक पडत नव्हता, दोघांनी थोडा पडला, आणि तिघं झाले की दबाव पुरता आला. त्यापुढे माणसं वाढवूनही विशेष काही वाढलं नाही. तेव्हा अख्खा वर्ग गोळा करत बसू नकोस, तिघी बस झाल्या. (ती सगळी कॉलेजातली तरुण मुलं होती हो, पुरुष. मुंडी हलवण्याचा मक्ता काही मुलींनीच घेतलेला नाही.)

पण याच अ‍ॅशने पुढे एक घातक गोष्ट करून ठेवली. त्याने त्या पढवलेल्या टोळक्यात खरं उत्तर देणारा एकच माणूस बसवला. भाषण नाही, वाद नाही; त्याने फक्त बरोबर रेषेकडे बोट दाखवलं. तेवढ्याने बिचाऱ्या पाहुण्याच्या चुका चौथ्या हिश्श्यावर आल्या. म्हणजे कंपूला बाहेरच्या कुणापासून काही भय नाही. भय आहे ते आतल्याच एकीने सहज म्हणून टाकण्याचं, की 'असू दे ना, बसू दे तिला.' कारण आतल्या प्रत्येकीला ते दप्तर खुपत असतं आणि प्रत्येकीला वाटत असतं की आपल्या एकटीलाच खुपतंय. नखं बघणारीलाही आणि फोन बघणारीलाही. म्होरकीचं तर विचारूच नकोस. ती घरी जाऊन कुणाकुणाचं 'लास्ट सीन' तपासत बसते, हे तिने सांगितलं तर कंपू संध्याकाळपर्यंत मोडेल. म्हणून ती सांगत नाही, आणि तूही सांगू नकोस.

तेव्हा अशी मुलगी कंपूत येणार नाही यावर नजर ठेव. ती ओळखू येते. विनोद आवडला तरच हसते, आणि एकटी उठून पाणी पिऊन येते.

पण समज, 'बसू दे तिला' हे वाक्य तुझ्याच तोंडून निसटलं. होतं असं, एखाद्या दिवशी झोप नीट झालेली नसते, समोर ती दप्तराकडे बघत उभी असते, आणि जीभ घसरते. तेव्हा घाबरू नकोस, पण वेळ दवडू नकोस. कॅनडातल्या शाळांच्या मैदानांवर काही संशोधकांनी त्रास देण्याचे खरेखुरे प्रसंग टिपले आणि २००१ साली ते छापले. शंभरातल्या जेमतेम १९ प्रसंगांत बघ्यांपैकी कुणी मध्ये पडलं होतं. पण जेव्हा पडलं, तेव्हा निम्म्याहून जास्त वेळा त्रास दहा सेकंदांच्या आत थांबला. म्हणजे सावरायला तुझ्या हातात दहाच सेकंद आहेत. तेवढ्यात हसायचं, 'गंमत केली गं' म्हणायचं आणि दप्तर दोन बोटं पुढे सरकवायचं. अकरावा सेकंद उजाडला आणि कुणी दुसरीने 'हो, बस ना गं' म्हणत स्वतःचं दप्तर उचललं, तर पुढच्याला मी जबाबदार नाही. मग माझ्याकडे सल्ला मागायला येऊ नकोस.