वाचनालयात भेदभावावर कार्यक्रम घ्यायचाय? मग आधी हे वाचा

तुमच्या गावच्या वाचनालयाला भेदभावावर काहीतरी करावं असं वाटायला लागलं असेल, तर विषय लांबचा घ्या. जितका लांबचा तितका बरा. आमच्या वाचनालयाने गेल्या महिन्यात थेट अमेरिका घेतली. (दापोली-मंडणगडच्या पट्ट्यातलं 'ड' वर्गाचं वाचनालय आहे. याहून जास्त पत्ता सांगत नाही, मला गावात राहायचंय.)

वक्ते गावचेच, तिकडे स्थायिक झालेले, आंब्याला आले होते. बोलले मात्र छान. मार्च १९६१. मिसिसिपी राज्यातलं जॅक्सन शहर. टूगलू कॉलेजचे नऊ कृष्णवर्णीय विद्यार्थी फक्त गोऱ्यांसाठी असलेल्या सार्वजनिक वाचनालयात शिरले, पुस्तकं घेऊन टेबलाशी बसले आणि वाचायला लागले. पोलीस आले, 'बाहेर व्हा' म्हणाले. पोरं हलली नाहीत, म्हणून त्यांना तुरुंगात टाकलं. "वाचत बसले म्हणून तुरुंग!" पहिल्या रांगेतल्या अण्णांचं हळहळणं माईकवर ऐकू आलं. माझ्या शेजारच्या काकूंनी डोळ्यांना पदर लावला.

मग बौद्धवाडीतला एक मुलगा उठला. यंदा बारावीला आहे, रोज संध्याकाळी पेपर वाचायला येतो. म्हणाला, "सर, आपल्या गावात तीन स्मशानं का आहेत, यावर पण एकदा कार्यक्रम घेता येईल का?"

अशा वेळी काय म्हणायचं ते पाठ करून ठेवा: "विषयाला धरून बोला."

सोबत "अर्ज दे, बघू" हेही म्हणा. त्याने दुसऱ्या दिवशी अर्ज दिला, वहीचं पान फाडून, तारीख टाकून.

चहाची व्यवस्था चोख ठेवा. आमच्याकडे सगळ्यांना कपबशा आल्या, त्याला कागदी कप. मी विचारलं, तर म्हणे कप कमी पडले. ट्रेमध्ये चार कप उपडे होते. मी मोजले. मोजले आणि माझा चहा प्यायलो.

भिंतीवर 'शांतता राखा' असतंच. ते पुसू नका, लागतं.

तणाव वाटला तर वाचनालय लगेच बंद करा. अमेरिकेतल्या फर्ग्युसनवाल्यांना एवढंही कळलं नाही. २०१४ साली पोलिसाच्या गोळीने एक कृष्णवर्णीय तरुण मेला, गाव पेटलं, शाळा बंद झाल्या आणि तिथलं वाचनालय मात्र उघडं! पोरांना आत घेऊन शिकवत बसले. आमच्याकडे नुसतं कोणी मोठ्याने बोललं तरी शटर खाली येतं.

दारावर 'सर्वांसाठी खुले' अशी पाटी जरूर लावा. पाटीने कोणाचं काही बिघडत नाही, हा आपल्याच भागातला जुना अनुभव आहे. १९२३ साली मुंबई कायदेमंडळात समाजसुधारक सी. के. बोले यांचा ठराव झाला, सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनेही ठराव केला. कागदावर तळं खुलं, पाण्यापाशी मात्र कोणाची जायची सोय नाही. शेवटी २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो माणसं घेऊन गेले आणि ओंजळभर पाणी प्यायले. त्यावर गावाने काय केलं? पंचगव्य ओतून तळं 'शुद्ध' केलं. कार्यकारिणीवर होते बहुतेक आपल्यातले कोणी.

आता पुस्तकांचं कपाट. हे नीट समजून घ्या. राज्य सरकारने १९७९ पासून काढलेले बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड आमच्याकडे आहेत. नाही कोण म्हणतं? काचेच्या कपाटात आहेत. कपाटाला कुलूप आहे. कुलपाची चावी सचिवांकडे आहे. सचिव डोंबिवलीला आहेत. गणपतीला येतात आणि शिमग्याला येतात. तेव्हा वाचनालय बंद असतं, कारण गणपती आणि शिमगा असतो! १४ एप्रिलला कपाटाची काच बाहेरून पुसतात, वर तसबीर ठेवून हार घालतात, फोटो काढतात, तो अनुदानाच्या फायलीला लागतो. तपासणीला साहेब आले की काचेतूनच खंड मोजतात. आत कसर लागलीय, बाहेरून दिसते. त्या पोराला खंडांच्या पाठीवरची नावं क्रमाने पाठ आहेत, कारण त्याला तेवढंच वाचता येतं! बाबासाहेबांचं मूळगाव आंबडवे याच मंडणगड तालुक्यात. लहानपणी काही काळ ते दापोलीत राहिलेले. त्याच मातीतला पोरगा काचेला नाक लावून उभा आणि चावी डोंबिवलीला! जॅक्सनची पोरं निदान पुस्तक हातात घेऊन पकडली गेली हो!

पुरे झाला उपरोध. मला जमत नाही.

कार्यकारिणीतल्या मंडळींनो, "आपल्याकडे तसलं काही नाही, उगाच वातावरण बिघडतं," असं सभेत बोललात ना? काही नाही, तर राज्याला सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ साली वेगळा कायदा का करावा लागला? वाळीत टाकल्याच्या तक्रारी काय चंद्रावरून आल्या होत्या? आपल्या रायगड-रत्नागिरीतल्या गावक्याच, म्हणजे गावच्या पंचांच्या बैठकाच, होत्या त्यात. देवळात हा विषय निघणार नाही, गावकीत काढला तर काढणाराच बाहेर, ग्रामसभेत कोरम नाही. उरली एकच खोली, जिथे सगळ्या वाड्यांची माणसं एकाच बाकावर बसून एकच पेपर पान-पान वाटून वाचतात. तिथेही तुम्ही लोकांना गप्प बसवता? १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली अनुदान घेता, त्यातला 'सार्वजनिक' हा शब्द फक्त लेटरहेडवर छापायचा? लाज वाटायला हवी. कागदी कपाची तर मलाही वाटते.

सचिवसाहेब, चावी कुरिअरने पाठवा, गणपतीपर्यंत थांबू नका. आणि त्या मुलाचा अर्ज आवक रजिस्टरला नोंदलेला नाही, तो गेल्या वर्षीच्या दिवाळी अंकांच्या गठ्ठ्याखाली मला सापडला. मी त्याच्या सहीखाली माझी सही केलीय. पुढच्या मासिक सभेत पहिला विषय म्हणून तो वाचायचा. चहा मी आणतो, कपही घरचे आणतो.