जुना कर्नल उडवायची घाई कशाला?

लिनक्सच्या कर्नलबद्दल, म्हणजे संगणक चालवणाऱ्या गाभ्याच्या प्रोग्रामबद्दल, सध्या एक सल्ला ग्रुपाग्रुपांतून फिरतोय: "नवा लिनक्स कर्नल एकदा सुरू झाला की जुने सगळे काढून टाका. जागा वाचते, सुरक्षा वाढते, आणि बिघडलंच तर लाइव्ह पेन ड्राइव्ह (ज्यावरून मशीन सुरू करता येतं) आहेच."

लॉगिन स्क्रीन दिसली एवढ्यावरून वाय-फायचा डीकेएमएस मोड्यूल (दर कर्नलसाठी नव्याने बांधावा लागणारा ड्रायव्हर) नव्या कर्नलसाठी बांधला गेलाय की नाही, किंवा झोपवलेला लॅपटॉप परत उठतो की नाही, हे कळत नाही.

जागेचं म्हणणं अर्धं खरं. ५१२ एमबीचं वेगळं बूट पार्टिशन (कर्नल ठेवायचा डिस्कचा कप्पा) भरतं, मग इनिटआरडी, म्हणजे सुरुवातीला लागणारी छोटी फाइल-प्रणाली, तयारच होत नाही आणि रूट (मुख्य फाइल-प्रणाली) न सापडल्याने कर्नल पॅनिक होतो, म्हणजे हात टेकतो. पण त्यासाठी फसलेले कर्नल काढा, पारखलेला का? डेबियन-उबंटूवर पारखलेल्या कर्नलच्या पॅकेजला एपीटी-मार्क कमांडने 'मॅन्युअल' खूण करा. नको असलेली पॅकेजं आपोआप काढणारं ऑटोरिमूव्ह त्याला हात लावत नाही. स्वतः कर्नल कंपाइल करणाऱ्यांची (सोर्स कोडमधून बांधणाऱ्यांची) गोची वेगळीच. आवृत्तीचं नाव तेच राहिलं तर इन्स्टॉल करताना जुन्या इमेजला (कर्नलच्या फाइलला) 'ओल्ड' शेपटी लागून ती वाचते, पण जुन्या मोड्यूलांवर नवे मोड्यूल लिहिले जातात. असा बॅकअप नावापुरताच. दर बिल्डला लोकलव्हर्जन, म्हणजे आवृत्तीच्या नावाला जोडायची शेपटी, वेगळं द्या.

सुरक्षेचं काय? डिस्कवर पडून असलेला कर्नल चालत नसतो. त्यात बूट करून आठवडे काढलेत, तर धोका.

पेन ड्राइव्हचा मुद्दा सर्वांत कच्चा. मशीन देवगडच्या घरात, चाकरमानी मुंबईहून एसएसएचवर, म्हणजे नेटवरून दूरूनच जोडलेला. ड्राइव्ह लावणार कोण, शेजारचे काका? त्यात पावसाळ्यात वीज गेली-आली की मशीन डीफॉल्ट कर्नलच उचलणार. म्हणून डीफॉल्ट जुनाच हवा. ग्रबच्या (कोणता कर्नल सुरू करायचा ते ठरवणाऱ्या प्रोग्रामच्या) सेटिंगमध्ये डीफॉल्ट 'सेव्हड' करा, अपडेट-ग्रब चालवा, ग्रब-सेट-डीफॉल्टने जुना कर्नल नेमा, आणि नवा फक्त ग्रब-रीबूटने, एका बूटपुरता. या कमांडना ग्रबच्या यादीतली नोंद आयडीने द्या, क्रमांकाने नको. नवा कर्नल आला की क्रमांक सरकतात. ग्रबमधल्या कर्नलच्या पर्यायांच्या ओळीत 'पॅनिक=१०' (पॅनिक झाल्यावर १० सेकंदांनी रीबूट) घाला, नाहीतर पॅनिकनंतर मशीन तिथेच थांबून राहतं. नुसतं गोठलं तर हा पर्याय कामाचा नाही, हार्डवेअर वॉचडॉग, म्हणजे गोठलेलं मशीन आपोआप रीसेट करणारा टायमर, लागतो.

बूट डिरेक्टरी एलव्हीएमवर (डिस्कची जागा लवचिकपणे वाटणाऱ्या व्यवस्थेवर) असेल तर ग्रबला ग्रब-रीबूटने ठेवलेली एकवेळची खूण पुसता येत नाही, मशीन त्याच फसलेल्या कर्नलकडे परत परत जातं. बूट डिरेक्टरी आधी साध्या एक्स्ट४ (लिनक्सची नेहमीची फाइल-प्रणाली) पार्टिशनवर घ्या, मगच ग्रब-रीबूट वापरा.