झोरान जिंजिच ‘पश्चिमेचं प्यादं’ होते, हे खरं नाही

सर्बियाचे दिवंगत पंतप्रधान झोरान जिंजिच यांच्याबद्दल एक गोष्ट सर्बियात आणि बाहेरही वर्षानुवर्षं फिरते आहे. हा माणूस पश्चिमेचं प्यादं होता, ५ ऑक्टोबर २००० ला त्यानं अमेरिकी पैशावर सत्तापालट केला, डॉलरसाठी पायउतार झालेले राष्ट्राध्यक्ष मिलोशेविच यांना हेगच्या युद्धगुन्हे न्यायालयाला विकलं, आणि म्हणून एका देशभक्त सैनिकानं त्याला गोळी घातली. पटकन पटेल अशी गोष्ट आहे, पण खोटी.

आधी ‘प्यादं’. जिंजिच यांनी जर्मनीत, कोन्स्टान्झला तत्त्वज्ञानात डॉक्टरेट केली, हे बरोबर. पण १९७४ मध्ये युगोस्लावियात टिटोंच्या कम्युनिस्ट राजवटीत स्वतंत्र विद्यार्थी संघटना उभी करू पाहिली म्हणून त्यांना शिक्षा झाली, त्यानंतर ते तिकडे गेले. आणि १९९४ मध्ये, बोस्नियातल्या युद्धात नाटो सर्बांना हवाई हल्ल्यांच्या धमक्या देत असताना, हेच जिंजिच बोस्नियातल्या सर्बांचे नेते काराजिच यांना भेटायला त्यांच्या मुख्यालयी, पालेला, गेले होते. तिथे मेजवानीसाठी भाजलेल्या बैलाचा विषय सर्बियात अजूनही निघतो. ती भेट मला लाजिरवाणी वाटते. पण पश्चिमेचं प्यादं त्या वेळी पालेला जात नाही.

आता अमेरिकी पैसा. तो आला, विरोधकांना मिळाला. नाकारण्यात अर्थ नाही. पण २४ सप्टेंबर २००० च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत मतं सर्बियन लोकांनी दिली. निवडणूक आयोगानं विरोधकांचे उमेदवार कोश्तुनित्सा यांना पन्नास टक्क्यांच्या जरा खाली दाखवून दुसरी फेरी जाहीर केली, तेव्हा कोलुबाराच्या खाणकामगारांनी काम बंद केलं. बेलग्रेडची वीज ज्या कोळशावर चालते तो तिथूनच येतो. चाचाक शहराहून तिथले महापौर वेलिमिर इलिच माणसांचा ताफा घेऊन बेलग्रेडकडे निघाले. डिसेंबरमध्ये सर्बियाच्या संसदेसाठी मतदान झालं आणि जिंजिच यांच्या आघाडीला २५० पैकी १७६ जागा मिळाल्या. हे सगळं बाहेरच्या पैशाच्या खाती टाकणं म्हणजे त्या खाणकामगारांना माणसातच न धरणं.

मिलोशेविचना १ एप्रिल २००१ ला सर्बियन पोलिसांनीच अटक केली, आरोप सत्तेच्या गैरवापराचे आणि भ्रष्टाचाराचे. अमेरिकी मदतीची मुदत आदल्याच दिवशी संपत होती, म्हणजे दबाव होता. २८ जूनला हेगला पाठवतानाही घाई झाली. युगोस्लाव्ह संघराज्याच्या घटना न्यायालयानं पाठवण्याच्या हुकमाला स्थगिती दिली असताना पाठवलं, आणि यावर टीका व्हायलाच हवी. पण ‘विकलं’? दुसऱ्याच दिवशी ब्रसेल्सला मदतीची मोठी आश्वासनं मिळाली खरी. मात्र त्यातला बराच पैसा जुन्या कर्जापोटी कापून घेतला जातोय, अशी उघड तक्रार जिंजिच यांनीच पुढे केली.

राहिला ‘देशभक्त सैनिक’. १२ मार्च २००३ ला सरकारी इमारतीच्या दारात जिंजिच यांना टिपणारा झ्वेझ्दान योवानोविच हा ‘लाल टोपीवाल्या’ विशेष पोलीस तुकडीचा उपप्रमुख. याच तुकडीच्या माणसांनी ऑगस्ट २००० मध्ये सर्बियाचे माजी अध्यक्ष इव्हान स्तांबोलिच यांना बेलग्रेडच्या कोशुत्न्याक उद्यानातून, ते धावायला गेले असताना, पळवून नेलं आणि मारलं. मृतदेह फ्रुश्का गोरा डोंगरात पुरला. जिंजिच यांच्या खुनाचा कट तुकडीच्या आणि झेमुनच्या गुंडटोळीच्या माणसांनी मिळून केला, हे २००७ च्या निकालात आहे. संघटित गुन्हेगारीसाठी खास सरकारी वकील नेमण्याचा कायदा २००२ मध्येच झाला होता. तुकडीच्या आणि टोळीच्या पायाखालची जमीन सरकत होती.

जिंजिच यांना खरा जाब विचारायचा तर इथे विचारा. ५ ऑक्टोबरच्या आधी ते या तुकडीचे तेव्हाचे सेनापती लेगिया यांना भेटले आणि जमावावर गोळी चालणार नाही असं ठरवून घेतलं. त्या दिवशी रक्तपात टळला, तो यामुळेही. पण त्या बदल्यात तुकडी तशीच राहिली. नोव्हेंबर २००१ मध्ये तिनं बंड करून बेलग्रेडमधला महामार्ग अडवला, तेव्हा सरकारनं नमतं घेतलं आणि गुप्तचर खात्याचे प्रमुख बदलले. तुकडी बरखास्त झाली ती २५ मार्च २००३ ला, जिंजिच यांच्या खुनानंतर तेरा दिवसांनी.