शहरात माणुसकी मेली म्हणे!

व्हॉट्सअ‍ॅपवर पुन्हा तो फॉरवर्ड आलाय. न्यूयॉर्कमध्ये ३८ जणांनी खिडकीतून एका तरुणीचा खून पाहिला, एकही मदतीला धावला नाही. गर्दी जितकी मोठी तितकी मदत कमी. मुंबई-पुण्यातही आता तेच, माणुसकी उरली ती गावात.

आधी ते ३८. मार्च १९६४, न्यूयॉर्कमधला क्वीन्स भाग, खून झालेली तरुणी किटी जिनोव्हीज. हा आकडा 'न्यूयॉर्क टाइम्स'नेच छापला आणि ती बातमी सदोष होती हे २०१६ मध्ये त्याच वृत्तपत्राने मान्य केलं. वेळ पहाटे तीननंतरची. बऱ्याच जणांनी फक्त किंकाळी ऐकली; दुसरा हल्ला तर इमारतीच्या मागच्या दाराच्या आत झाला. एकाने वरून ओरडून हल्लेखोराला पहिल्यांदा पळवलं होतं. आणि एक शेजारीण, खुनी गेलाय की तिथेच आहे हे ठाऊक नसताना, जिना उतरून धावली आणि किटीला कुशीत घेऊन बसली. फॉरवर्डमध्ये ही बाई कुठेच नाही!

गर्दीचं म्हणाल, तर 'दुसरा कुणी करेल' असं एकेकट्याला वाटतं हे खरं. पण अ‍ॅमस्टरडॅम, लँकेस्टर आणि केपटाउनमधल्या रस्त्यावरच्या २१९ भांडणांचं सीसीटीव्ही चित्रण संशोधकांनी तपासलं. दहापैकी नऊ वेळा कुणीतरी मध्ये पडलंच, आणि माणसं जास्त तशी ती शक्यताही जास्त. ११ जुलै २००६ ला लोकलमध्ये स्फोट झाले तेव्हा रुळांलगतच्या झोपड्यांतले लोक घरातल्या चादरी घेऊन धावले आणि त्यांच्या झोळ्या करून जखमींना उचलून नेलं.

गावाबद्दल एवढंच: तिथे सगळे ओळखीचे, म्हणून मदत होते. पण त्याच गावाच्या पाणवठ्यावर कुणाला पाणी भरू देत नव्हते, हेही आठवावं.

मग अपघातापाशी पाय अडतो तो कशाने? एक तर घाईने. १९७३ च्या, अमेरिकेतल्या प्रिन्स्टनमधल्या प्रयोगात धर्मशास्त्राचे विद्यार्थी वाटेत कण्हणाऱ्या माणसापाशी थांबतात का ते पाहिलं. हाताशी वेळ असलेले ६३ टक्के थांबले, उशीर झालेले फक्त १० टक्के. तेही भावी धर्मगुरू. नऊची फास्ट पकडणाऱ्याला काय बोल लावायचा!

दुसरं, पोलीस-कोर्टाचं झेंगट. ही भीती पूर्वी खोटी नव्हती. पण २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मदत करणाऱ्याच्या संरक्षणाचे नियम बंधनकारक केले आणि २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ आलं. जखमीला पोचवणाऱ्यावर नाव सांगण्याची सक्ती नाही, रुग्णालय त्याला अडवून ठेवू शकत नाही, त्याच्याकडे पैसे मागू शकत नाही. तसा फलक, मराठीतसुद्धा, रुग्णालयाच्या दाराशी असायला हवा. तो दिसत नसेल तर बेलाशक विचारा.