हार्डनर नजरेने घालता येत नाही

गाड्यांचे कस्टम रंगकाम करणाऱ्यांमध्ये सध्या एक मजकूर फिरतो आहे. रंगकंपन्यांची तांत्रिक पत्रके परदेशातल्या बंदिस्त बूथसाठी लिहिलेली असतात, आपल्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचा उपयोग नाही, असे तो सांगतो. हार्डनर, म्हणजे रंग कडक व्हावा म्हणून त्यात मिसळायचा द्रव, नजरेने घालावा, रंग सुकला की नाही ते बोटाने ओळखावे आणि तोंडाला रुमाल बांधला की पुरे, असे त्यात म्हटले आहे. मी स्वतः रंगाची स्प्रे गन चालवतो आणि अनुभवाची किंमत मला ठाऊक आहे. म्हणूनच त्याच्या नावावर काहीही खपवले जाऊ नये असे मला वाटते.

हार्डनरचा मुद्दा सर्वांत चुकीचा आहे. टू-के, म्हणजे दोन घटक मिसळून मारायचा, क्लिअर कोट (वरचा पारदर्शक थर) केवळ थिनर उडून वाळत नाही, तर राळ आणि हार्डनर यांच्या रासायनिक संयोगाने कडक होतो. पत्रकात 2:1 किंवा 4:1 असे प्रमाण असते ते या संयोगाच्या हिशेबाने. हार्डनर कमी पडला तर थर मऊ राहतो आणि बुलेटच्या टाकीच्या झाकणाभोवती पेट्रोल सांडले की तिथेच डाग धरतो. जास्त झाला तर काम लवकर सुकत नाही, उलट थर पुढे ठिसूळ होतो. यातले काहीही गाडी गिऱ्हाइकाच्या हाती देताना दिसत नाही, त्यामुळे नजरेला शिकायला वावच मिळत नाही. लवकर सुकवायचे असेल, तर प्रमाण न बदलता त्या तापमानासाठी दिलेला वेगळा हार्डनर घ्यावा, हेही त्याच पत्रकात लिहिलेले असते.

हवामानाबाबत मात्र त्या मजकुरात तथ्य आहे. रंगाच्या दोन हातांमधला थांबा पत्रकात बहुधा 20 अंश तापमानाला धरून दिलेला असतो, आणि मे महिन्यातल्या पुण्यात किंवा श्रावणातल्या रत्नागिरीत तो जसाच्या तसा लागू पडत नाही. अशा वेळी मास्किंग टेपवर पडलेल्या रंगाला बोट लावून तो चिकटतो का, त्याची तार ओढली जाते का, हे पाहणे योग्यच आहे. परंतु पावसाळ्यात एन. सी. (नायट्रोसेल्युलोज) लॅकरवर पांढरट झाक का येते, तर उडणारे थिनर पृष्ठभाग थंड करते आणि हवेतली वाफ त्यावर बसते म्हणून. त्यावर सावकाश उडणारे थिनर वापरण्याचा उपायही पुस्तकातलाच आहे.

कँडी रंगात हाताच्या कसबाला तोड नाही, हे मी आनंदाने मान्य करतो. चंदेरी बेसवर पारदर्शक लाल रंगाचा प्रत्येक हात छटा गडद करतो आणि टाकीच्या कडेला गन क्षणभर रेंगाळली तरी तिथे काळपट पट्टा उमटतो. त्यावर जाणते कारागीर आधी पत्र्याच्या तुकड्यावर प्रत्येक हातानंतर एकेक पट्टी झाकत जातात, म्हणजे दोन, तीन, चार हातांची छटा शेजारी-शेजारी दिसते. हे अनुभवाचे काम आहे, पण ते मोजूनच केलेले असते.

राहिला रुमाल. ‘इतकी वर्षे रंगवतोय, काही झाले नाही, वर गूळ खातो’ हे बोलणे ऐकले की मला काळजी वाटते. हार्डनरमधल्या आयसोसायनेट या रसायनाचा वास धोक्याची सूचना देईल असा नसतो. नाकाला जाणवतो तो बहुतेक थिनरचा. रुमालातून वाफ आणि बारीक तुषार दोन्ही आत जातात, आणि एकदा शरीर त्याला संवेदनशील झाले की पुढे अगदी थोड्या मात्रेनेही दम्याचा झटका येऊ शकतो. गूळ ते उलटवू शकत नाही. टू-के मारताना बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मुखवटा लागतो, आणि शेडमध्ये पोरे हाताखाली उभी असतील तर त्यांनाही तो लागतो.