तेलाचा डबा आणि माझा पंप
"लठ्ठ बायकांना दमा जास्त, तेलतूप कमी करा" एवढ्यावर तुम्ही दम्यावरचा लेख संपवलाय, पण बायकांनाच का ते कुठेच नाही. अहो लहानपणी दमा मुलींपेक्षा मुलग्यांमध्ये जास्त असतो, वयात आल्यावर पारडं फिरतं आणि बायका पुढे जातात, त्यात हार्मोन्सचा हात आहेच, वर चरबी म्हणजे नुसती साठवण नाही, तिच्यातून लेप्टिनसारखी रसायनं सुटतात जी सूज वाढवतात, शिवाय पोटाचा घेर वर दाबतो म्हणून फुफ्फुसं नीट फुगत नाहीत ते वेगळंच.

मी स्वतः १२ वर्षं पंपवाली, म्हणजे दम्याचा इनहेलर ओढणारी. सकाळी उठल्या उठल्या शिंकांची माळ. डॉक्टरांनी विचारलं महिन्याला तेल किती, म्हटलं ५ लिटरचा डबा, माणसं चार. त्यांनी तिथेच पॅडवर हिशोब केला, माणशी रोज जवळपास ३८ ग्रॅम!! मी गप्पच. सूर्यफुलाच्या तेलात ओमेगा-६ नावाची चरबी भरपूर, तिच्यापासून शरीरात ल्युकोट्राइन्स, म्हणजे श्वासनळ्या सुजवणारी, आवळणारी रसायनं बनू शकतात, आणि माझी रात्रीची मॉन्टेलुकास्टची गोळी नेमकी त्यांनाच अडवते. पण तेल बदललं की दमा गेला असं नसतं हां. जवसाची चटणी मी पण खाते, पण त्यातलं ओमेगा-३ (सूज कमी करणारी म्हणतात ती चरबी) बांगड्यातल्यासारखं थेट कामाला येत नाही, शरीरात फार थोडंच कामाच्या रूपात बदलतं.

७८ किलोची ७१ झाले, आता जिन्यात मध्येच थांबावं लागत नाही. पंप चालूच आहे, मनाने बंद करू नका कोणी.

आणि तळणाच्या धुराबद्दल पण लिहा की, एक्झॉस्ट फॅन नसलेल्या स्वयंपाकघरात पुऱ्या कोण तळतं, बायकाच ना?