‘बारावीचं पुस्तक उघडा’ म्हणणाऱ्या वाचकास

महोदय,

विरघळणाऱ्या लस-कणांवरच्या, म्हणजे लशीचं प्रथिन पेशीपर्यंत नेणाऱ्या सूक्ष्म कणांवरच्या, माझ्या लेखाखाली तुम्ही चार वाक्यं लिहिलीत. त्यातलं तिसरं: ‘ज्या कणातून मिथेनॉल बाहेर पडतं त्याला निरुपद्रवी म्हणणाऱ्याने आधी बारावीचं पुस्तक उघडावं.’ हरकत जरूर घ्या, पण ही भाषा? समोरासमोर असतो तर असं बोलला असतात का? बारावीनंतर तळोज्याच्या एका औषध कारखान्यात, क्यूसीमध्ये (गुणवत्ता तपासणीत), जीसी म्हणजे गॅस क्रोमॅटोग्राफीच्या मशीनपुढे माझी उमेदीची वर्षं गेली. कुठल्या बॅचमध्ये कोणतं सॉल्व्हंट किती उरलंय हे शोधण्यावरच माझं घर चाललं. तेव्हा मिथेनॉल विषारी असतं हे मला शिकवू नका.

एक मान्य. कण तुटताना काय निघतं ते सांगताना लेखात मी फक्त ॲसिटोन लिहिलं, मिथेनॉलही लिहायला हवं होतं. झालं समाधान?

आता रसायनशास्त्रच हवंय तर घ्या. अमेरिकेतल्या बर्कले विद्यापीठाच्या ज्याँ फ्रेशे यांच्या गटाने 2008 मध्ये डेक्स्ट्रानवर, म्हणजे साखरेच्या लांब साखळीवर, ॲसिटल गट, म्हणजे आम्लात तुटणारे रासायनिक गट, चढवले. एरवी पाण्यात सहज विरघळणारा डेक्स्ट्रान त्यामुळे विरघळेनासा झाला आणि आत प्रथिन भरून त्याचे कण करता आले. रक्ताचा पीएच 7.4, म्हणजे आम्लधर्मी नाही, तिथे कण बऱ्यापैकी टिकतो. प्रतिकारशक्तीच्या पेशीने तो गिळला की पेशीतल्या पीएच 5 च्या आसपासच्या, आम्लधर्मी पिशवीत पोचतो, ॲसिटल तुटतात, डेक्स्ट्रान पुन्हा विरघळतो आणि प्रथिन हवं तिथेच मोकळं होतं.

तुटताना ॲसिटोन निघतं, थोडं मिथेनॉलही निघतं. पण किती, हे विचारायचं तुम्हाला सुचलं नाही. औषधात उरणाऱ्या मिथेनॉलची आयसीएचची (औषधांचे आंतरराष्ट्रीय निकष ठरवणारी संस्था) मर्यादा दिवसाला 30 मिलिग्रॅम आहे. समजा 1 मिलिग्रॅम कण टोचले. सगळ्याचं मिथेनॉल झालं (होत नाही!) तरी आकडा 1 मिलिग्रॅमच्या वर जाणार नाही. ॲसिटोनची भीती वाटत असेल तर एकादशी जपून करा. खिचडी न चापता खरा कडक उपास केलात तर तुमचं स्वतःचंच शरीर ते बनवतं.

बाकीच्या वाक्यांत फारसं काही नाही. ‘पीएलजीए असताना हे कशाला?’ कारण पीएलजीए हे औषधी कणांसाठी आधीपासून वापरात असलेलं पॉलिमर विघटन पावताना लॅक्टिक आणि ग्लायकॉलिक आम्ल तयार होतं, कण आतून आंबतो आणि नाजूक प्रथिनं बिघडतात. ‘चिपवाल्याचं लशीत काय काम?’ फ्रेशे आयबीएमच्या मंडळींबरोबर फोटोरेझिस्टवर, म्हणजे चिपवर नक्षी उमटवायच्या प्रकाशसंवेदी थरावर, काम करत होते तेव्हाही युक्ती हीच होती: आम्लाने गट तोडायचा, विद्राव्यता पालटायची. त्यासाठी 2013 चं जपान प्राइझ त्या मंडळींतल्याच ग्रँट विल्सन यांच्यासोबत फ्रेशेंना मिळालं. तुमच्या माहितीसाठी.

राहता राहिलं ‘इतक्या वर्षांत एक तरी लस बाजारात आली का?’ लेख कणाच्या रसायनशास्त्रावर होता, बाजारावर नव्हता. शीर्षक तरी वाचायचं होतंत. आणि पुढची प्रतिक्रिया नाव घालून द्या, निनावी आली तर छापणार नाही.